एचडीआर व्हिडिओ टीव्हीवर फिका किंवा जांभळा दिसतो तेव्हा: तपासणीपासून रूपांतरापर्यंत

एचडीआर (म्हणजे जास्त उजेड आणि रंग साठवणाऱ्या) व्हिडिओची फाइल लावली आणि चित्र बिघडलेलं दिसलं की हात आपोआप कन्व्हर्टरकडे जातो. माझाही जायचा. एकदा ६० जीबीची एक फाइल मी रात्रभर, जवळजवळ अकरा तास, एसडीआरमध्ये (जुन्या, साध्या उजेडाच्या व्हिडिओत) बदलायला लावली होती. सकाळी कळलं की बॉक्स टीव्हीच्या ज्या पोर्टला जोडला होता, त्या पोर्टचं एचडीआरच बंद होतं. फाइल ठणठणीत होती.

तेव्हापासून एक क्रम ठरवून घेतलाय: आधी सेटिंग, मग फाइलची पेटी (कंटेनर), मग मेटाडेटा (चित्रासोबत जाणारी माहिती), आणि चित्राला हात सगळ्यात शेवटी. पहिल्या तिन्हींत एकही पिक्सेल बदलत नाही आणि काम काही मिनिटांत उरकतं. चौथ्यात तास जातात, आणि चित्रातून जे गेलं ते परत येत नाही. पुढचा सगळा लेख याच क्रमाने आहे. तुमचं काम दुसऱ्याच पायरीवर झालं तर बाकीचं वाचायची गरज नाही.

## बिघाड कसा दिसतो, त्यावरून काय ओळखायचं

चित्र धुतल्यासारखं, करडं, रंग उडालेले: फाइल एचडीआर आहे, पण पडदा ती एसडीआर समजून दाखवतोय. एचडीआरच्या पीक्यू वक्रात (उजेड सिग्नलमध्ये मांडायच्या पद्धतीत) १०० निटचा (निट हे उजेडाचं एकक) उजेड सिग्नलच्या साधारण ५१ टक्क्यांवर बसतो, १००० निट ७५ टक्क्यांवर, आणि वरचं टोक थेट १०,००० निटला आहे. साधा पडदा त्या ५१ टक्क्यांना मधला करडा रंग समजतो. म्हणून पांढरा कागदही राखेसारखा दिसतो.

चेहरे जांभळे आणि गवत भलत्याच हिरव्या रंगाचं: हे जवळपास नक्कीच डॉल्बी व्हिजन या एचडीआर प्रकाराचं प्रोफाइल ५. याचं कारण आणि उपाय दोन्ही वेगळे आहेत, खाली येतीलच.

रंग ठीक, पण सगळं काळोखात घडतंय असं वाटतं: टीव्ही एचडीआर घेतोय, पण त्याची चमक कमी पडते किंवा फाइलमधला मेटाडेटा चुकीचा आहे. स्वस्त एचडीआर टीव्हीवर ही तक्रार सगळ्यात जास्त, आणि फाइल बदलूनही ती पूर्ण जात नाही.

आवाज येतो, पडदा काळा: डीकोडरला फाइल झेपत नाही. दहा बिटचं एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) न चालणारं जुनं उपकरण, किंवा डॉल्बी व्हिजनचं दुहेरी थराचं प्रोफाइल ७. याच्या उलट, चित्र छान पण आवाज नाही, तर एचडीआरचा काही संबंध नाही. ऑडिओचा कोडेक टीव्हीला चालत नाही, एवढंच.

## कोणतं एचडीआर म्हणजे नक्की काय

एचडीआर फाइलमध्ये दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिकलात तर अर्धा गोंधळ मिटतो. एक, मूळ चित्र आणि त्याचा वक्र. दुसरी, त्या चित्रासोबत जाणारी माहिती, म्हणजे मेटाडेटा.

एचडीआर१० मध्ये चित्र पीक्यू वक्रात, बीटी.२०२० रंगपटात, दहा बिटांत असतं आणि मेटाडेटा अख्ख्या फाइलसाठी एकच: कोणत्या पडद्यावर रंगसंस्कार झाले, सगळ्यात तेजस्वी पिक्सेल किती निटचा, सगळ्यात तेजस्वी फ्रेमची सरासरी किती. एचडीआर चालणारं जवळजवळ प्रत्येक उपकरण हे वाचतं, म्हणून रूपांतरात ‘कुठेही चालेल असं’ म्हटलं की एचडीआर१० समजायचं.

एचडीआर१०प्लस म्हणजे तेच चित्र, फक्त दृश्यागणिक बदलणारा मेटाडेटा जोडलेला. २०१७ मध्ये सॅमसंग आणि अॅमेझॉन यांनी तो पुढे आणला. ज्या टीव्हीला तो कळत नाही तो निमूटपणे एचडीआर१० म्हणून चालवतो, त्यामुळे यात सहसा काही अडत नाही.

एचएलजी बीबीसी आणि एनएचके या प्रसारकांनी मिळून बनवलं. त्याला मेटाडेटा लागतच नाही, आणि वक्राचा खालचा भाग एसडीआरशी जुळता ठेवल्यामुळे साध्या पडद्यावरही ते बऱ्यापैकी बरं दिसतं.

डॉल्बी व्हिजन हे खरं डोकेदुखीचं नाव, कारण एकाच नावाखाली चार-पाच वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. प्रत्येक फ्रेमसोबत आरपीयू नावाचं मेटाडेटाचं गाठोडं असतं. ते सगळ्यांत समान. खालचं चित्र मात्र प्रोफाइलप्रमाणे बदलतं. प्रोफाइल ८.१ चं चित्र सरळ एचडीआर१०. प्रोफाइल ८.४ चं एचएलजी. आयफोन १२ पासून आयफोन याच प्रकारात एचडीआर चित्रण करतात. प्रोफाइल ७ फोरके ब्लू-रे डिस्कवर असतो: एचडीआर१० चा मूळ थर, त्यावर एक पूरक थर, आणि आरपीयू. प्रोफाइल ५ स्ट्रीमिंगसाठी. त्यात चित्रच डॉल्बीच्या स्वतःच्या आयपीटी रंगपद्धतीत लिहिलेलं असतं. ज्या प्लेअरला डॉल्बी व्हिजन कळत नाही तो ते नेहमीच्या पद्धतीने वाचायला जातो, आणि तिथून जांभळे चेहरे निघतात.

सॅमसंगच्या टीव्हींनी वर्षानुवर्षं डॉल्बी व्हिजन घेतलेलं नाही, आणि डॉल्बी व्हिजन घेणाऱ्या बऱ्याच टीव्हींना एचडीआर१०प्लस चालत नाही. कंपन्यांच्या या ओढाताणीमुळेच असले लेख लिहावे लागतात.

## फाइलची ओळख: मीडियाइन्फो

मीडियाइन्फो हे मोफत साधन उघडा, फाइल त्यात टाका आणि ट्री किंवा टेक्स्ट व्ह्यू निवडा. व्हिडिओ विभागात ‘एचडीआर फॉरमॅट’ ही ओळ शोधा. एका नमुना फाइलमध्ये ती साधारण अशी दिसते: डॉल्बी व्हिजन, व्हर्जन १.०, डीव्हीएचई.०८.०६, बीएल+आरपीयू, एचडीआर१० कम्पॅटिबल.

यातला ०८ म्हणजे प्रोफाइल. ०६ ही लेव्हल, म्हणजे ३८४० बाय २१६०, सेकंदाला २४ फ्रेम. बीएल म्हणजे मूळ थर आणि आरपीयू आपण पाहिलंच. मध्ये ईएल दिसलं तर पूरक थर आहे, म्हणजे फाइल प्रोफाइल ७ ची. शेवटचे शब्द सगळ्यात महत्त्वाचे: ‘एचडीआर१० कम्पॅटिबल’ लिहिलं असेल तर डॉल्बी व्हिजन नसलेल्या टीव्हीवरही चित्र नीट यायला हवं. ०५ दिसलं आणि कम्पॅटिबलचा उल्लेखच नसेल, तर जांभळ्या चेहऱ्यांचं कारण सापडलं.

त्याच विभागात ट्रान्स्फर कॅरॅक्टरिस्टिक्स (पीक्यू की एचएलजी), बिट डेप्थ, फ्रेम रेट आणि फ्रेम काउंट हेही टिपून ठेवा. फ्रेम काउंट पुढे दोनदा उपयोगी पडणार आहे.

## पायरी पहिली: फाइलला हात न लावता

टीव्हीच्या एचडीएमआय सेटिंगमध्ये प्रत्येक पोर्टसाठी वेगळा एक पर्याय असतो. कोणी त्याला डीप कलर म्हणतं, कोणी एन्हान्स्ड फॉरमॅट, कोणी इनपुट सिग्नल प्लस. तो बंद असेल तर बॉक्स कितीही चांगला असो, टीव्ही एचडीआर स्वीकारतच नाही. बऱ्याच टीव्हींवर सगळेच पोर्ट पूर्ण क्षमतेचे नसतात, तेव्हा पोर्टही बदलून बघा. मध्ये साउंडबार किंवा अॅम्प्लिफायर असेल तर तो काढून बॉक्स सरळ टीव्हीला जोडा. जुना अॅम्प्लिफायर डॉल्बी व्हिजन अडवतो हे पटकन लक्षात येत नाही.

संगणकावर बघत असाल तर व्हीएलसीऐवजी एमपीव्ही हा प्लेअर लावून बघा. त्याच्या नव्या आवृत्त्या लिबप्लासिबो ही चित्रावर प्रक्रिया करणारी लायब्ररी वापरतात, त्यामुळे प्रोफाइल ५ सुद्धा साध्या मॉनिटरवर बरोबर रंगात दिसतं. मला तर निदानासाठीही हे आवडतं: एमपीव्हीमध्ये रंग बरोबर आले, तर फाइल खराब नाही यावर शिक्का बसला.

घरी जेलीफिन किंवा प्लेक्ससारखा मीडिया सर्व्हर असेल तर तो चालवताचालवता टोनमॅपिंग (एचडीआरचा उजेड साध्या पडद्यासाठी दाबणं) करू शकतो. एका जुन्या टीव्हीसाठी सगळा संग्रह बदलत बसण्यापेक्षा सर्व्हरच्या ग्राफिक्स चिपला कामाला लावणं कधीही बरं.

## पायरी दुसरी: पेटी बदलणं

एमकेव्ही, एमपी४, टीएस या फक्त पेट्या. आतलं चित्र तेच राहतं. पण काही टीव्ही डॉल्बी व्हिजन एमपी४ मध्ये ओळखतात आणि एमकेव्हीमध्ये मात्र तीच फाइल एचडीआर१० म्हणून चालवतात. अशा वेळी एफएफएमपेग या आदेशांवर चालणाऱ्या साधनाने सगळे ट्रॅक ‘कॉपी’ करून एमपी४ बनवायचं.

आदेश जसाच्या तसा कुठून तरी उचलून चिकटवण्यापेक्षा त्यात काय काय हवं हे माहीत असलेलं चांगलं. आवृत्ती बदलली की चिकटवलेले आदेश मोडतात. इथे चार गोष्टी लागतात. कोडेक कॉपी, म्हणजे पुन्हा एन्कोड नको. व्हिडिओ टॅग एचव्हीसी१, कारण एफएफएमपेग स्वतःहून एचईव्ही१ लिहितं आणि अॅपलची उपकरणं ते नाकारतात. स्ट्रिक्ट अनऑफिशियल, हे दिलं नाही तर एमपी४ मध्ये डॉल्बी व्हिजनची ओळखपट्टी लिहिलीच जात नाही आणि मेहनत वाया. आणि चौथी म्हणजे मॅपिंग: कोणते ऑडिओ, कोणती सबटायटल्स न्यायची ते स्पष्ट सांगा, नाहीतर एफएफएमपेग प्रत्येक प्रकारातला एकच ट्रॅक उचलतं.

अडचण असते ती ऑडिओ आणि सबटायटल्सची. ब्लू-रेची पीजीएस सबटायटल्स ही चित्रं असतात, ती एमपी४ मध्ये बसत नाहीत. मजकुराची एसआरटी वेगळी ठेवा. ट्रूएचडी ऑडिओ एमपी४ मध्ये फार थोडी उपकरणं चालवतात, म्हणून तो ई-एसी-३ मध्ये बदलावा लागतो. एफएफएमपेगचा ई-एसी-३ एन्कोडर ५.१ चॅनेलपर्यंतच जातो आणि अॅटमॉसची माहिती त्यात उरत नाही. डिस्कवर आधीच एसी-३ चा जोडट्रॅक असेल तर तोच कॉपी करा, पुन्हा एन्कोड करायची गरज नाही.

पेन ड्राइव्हवरून चालवणार असाल तर तो एफएटी३२ नको. त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. एक्सफॅट करून घ्या.

## पायरी तिसरी: मेटाडेटा बदलणं

फोरके डिस्कवरून घेतलेल्या फाइल इथेच सुटतात. अॅपल टीव्ही फोरके आणि बरेच अँड्रॉइड बॉक्स प्रोफाइल ५ आणि ८ घेतात, ७ घेत नाहीत. उपाय म्हणजे ७ चं ८.१ करणं, आणि त्याचं साधन डोव्ही-टूल. सोबत एफएफएमपेग आणि एमकेव्हीटूलनिक्स (एमकेव्ही फाइल जोडायचं साधन) लागेल, आणि डिस्कवर मूळ फाइलच्या दुप्पट तरी जागा मोकळी हवी.

आधी एफएफएमपेगने व्हिडिओ ट्रॅक कच्च्या एचईव्हीसी फाइलमध्ये कॉपी करून काढा. स्रोत एमपी४ असेल तर एचईव्हीसी-एमपी४-टू-अॅनेक्सबी हा बिटस्ट्रीम फिल्टर लावा, त्याशिवाय डोव्ही-टूलला फाइल वाचता येत नाही. मग डोव्ही-टूलचा ‘कन्व्हर्ट’, मोड २ आणि डिस्कार्ड या पर्यायांसह. मोड २ आरपीयूला ८.१ च्या साच्यात बसवतो; डिस्कार्ड पूरक थर टाकून देतो. निघालेली फाइल थोडी लहान असते, चित्राचा मूळ थर जसाच्या तसा.

टाकलेल्या थराबरोबर काही जातं का? ते थराच्या जातीवर आहे. एमईएल म्हणजे किमान पूरक थर. त्यात चित्राची वेगळी माहिती नसते, तो टाकला तर काहीच जात नाही. एफईएल म्हणजे पूर्ण थर. त्यात १२ बिटांपर्यंत नेणारा जादाचा तपशील असतो आणि तो जातो. कोणता आहे ते डोव्ही-टूलचा ‘इन्फो’ सारांश सांगतो. त्यासाठी आधी ‘एक्स्ट्रॅक्ट-आरपीयू’ने आरपीयू वेगळं काढावं लागतं. एफईएल टाकल्यावर बहुतेक चित्रपटांत मला डोळ्यांनी फरक ओळखता आलेला नाही. काहींत मात्र पूरक थर उजेडाचं मापच बदलतो, आणि तिथे मूळ थरासोबत उरलेला मेटाडेटा नीट जुळत नाही. म्हणून एफईएल असेल तर मूळ फाइल जपून ठेवतो.

आता पुन्हा जोडणी. एमकेव्हीटूलनिक्समध्ये नवी एचईव्हीसी फाइल आणि जुनी एमकेव्ही अशा दोन्ही टाका, जुन्यातला व्हिडिओ ट्रॅक काढून टाका, ऑडिओ आणि सबटायटल्स ठेवा. आणि इथे थांबा, कारण कच्च्या एचईव्हीसीमध्ये वेळेच्या खुणा नसतात. फ्रेम रेट प्रवाहातच लिहिलेला नसेल तर एमकेव्हीटूलनिक्स २५ धरतं. चित्रपट २३.९७६ चा असेल तर दोन तासांचं चित्र जवळजवळ पाच मिनिटं आधी संपतं आणि आवाज मागे एकटा राहतो. पाच मिनिटांची चूक निदान लगेच कळते. २३.९७६ ऐवजी नुसते २४ टाकलेत तर फसगत मोठी: सुरुवातीला सगळं बरोबर वाटतं, आणि शेवटाकडे ओठ-आवाजात सात सेकंदांचं अंतर पडतं. व्हिडिओ ट्रॅकच्या ‘डीफॉल्ट ड्युरेशन’मध्ये २४०००/१००१पी असंच लिहा, गोळाबेरीज आकडा नको.

टीव्हीला डॉल्बी व्हिजन मुळीच नसेल आणि आरपीयू बघूनच प्लेअर अडखळत असेल, तर डोव्ही-टूलचा ‘रिमूव्ह’ आरपीयू आणि पूरक थर दोन्ही काढतो. उरतं ते शुद्ध एचडीआर१०. एफएफएमपेग ७.१ पासून डोव्ही-आरपीयू नावाचा बिटस्ट्रीम फिल्टर आहे. त्यात स्ट्रिप १ दिलं की कच्ची फाइल न काढता एकाच फेरीत आरपीयू जातं. मी हल्ली एकाच थराच्या फाइलसाठी हेच वापरतो. पण लक्षात घ्या, हे प्रोफाइल ७ आणि ८.१ साठी. ८.४ चं आरपीयू काढलं तर खाली एचएलजी उरेल, आणि ५ चं काढलं तर जांभळे चेहरे कायमचे झाले.

एचडीआर१०प्लसची फाइल डॉल्बी व्हिजनच्या टीव्हीवर न्यायची असेल तर तीही वाट आहे. एचडीआर१०प्लस-टूलच्या ‘एक्स्ट्रॅक्ट’ने दृश्यागणिक माहिती जेसन फाइलमध्ये काढायची, डोव्ही-टूलच्या ‘जनरेट’ला ती द्यायची, आणि तयार झालेलं आरपीयू ‘इंजेक्ट-आरपीयू’ने मूळ व्हिडिओत घालायचं. दोन्ही मेटाडेटा एकाच फाइलमध्ये सुखाने नांदतात. ज्याला जे कळतं तो ते वाचतो. आरपीयूची संख्या आणि फ्रेम काउंट तंतोतंत जुळले पाहिजेत, नाहीतर एका दृश्याचा उजेड दुसऱ्याला लागतो. एवढा खटाटोप करावा का? टीव्हीची चमक कमी असेल तर फरक दिसतो. चमकदार टीव्हीवर मी स्वतः साध्या एचडीआर१० वर समाधान मानतो.

## पायरी चौथी, प्रोफाइल ५ साठी

इथे चित्र बदलण्यावाचून इलाज नाही. डोव्ही-टूलमध्ये ५ वरून ८.१ करणारा मोड ३ बघून अनेकांना वाटतं की झालं काम. तो बदलतो फक्त आरपीयू. पिक्सेल आयपीटीमध्येच राहतात. ओळखपट्टीवर एचडीआर१० आणि आत तेच जांभळं चित्र, म्हणजे आधीपेक्षा वाईट.

त्यासाठी एफएफएमपेगचा लिबप्लासिबो फिल्टर लागतो, आणि त्याला व्हल्कन चालणारं ग्राफिक्स कार्ड. हा फिल्टर प्रत्येक फ्रेमचं आरपीयू वाचून रंग मूळ रूपात आणतो. बाहेर काय हवं ते तुम्ही सांगायचं: कलरस्पेस बीटी२०२०एनसी, प्रायमरीज बीटी२०२०, ट्रान्स्फर एसएमपीटीई२०८४ (पीक्यूचं हे औपचारिक नाव), पिक्सेल फॉरमॅट दहा बिटांचं वाययूव्ही४२०. पुढे एक्स२६५ या एचईव्हीसी एन्कोडरने मेन१० प्रोफाइलमध्ये एन्कोड. सीआरएफ (दर्जाचा आकडा, लहान म्हणजे चांगला) १६ ते १८ मध्ये फोरके चित्राचं नुकसान डोळ्याला जाणवत नाही. फाइल मात्र मोठी होते.

एन्कोड करताना एचडीआर१० चा स्थिर मेटाडेटा हाताने द्यावा लागतो, आणि तो आकड्यांचा जंजाळ पहिल्यांदा बघून घाबरायला होतं. मास्टर-डिस्प्लेची नेहमीची ओळ अशी: जी (१३२५०, ३४५००), बी (७५००, ३०००), आर (३४०००, १६०००), डब्ल्यूपी (१५६३५, १६४५०), एल (१०००००००, १). जी, बी, आर म्हणजे हिरवा, निळा, लाल; डब्ल्यूपी पांढऱ्याची जागा; एल म्हणजे उजेड. रंगांचे आकडे ०.००००२ ने गुणायचे. हिरव्याचा १३२५० म्हणजे ०.२६५ आणि ३४५०० म्हणजे ०.६९, हा पी३ रंगपट झाला. उजेडाचे आकडे दहा हजाराने भागायचे: १००००००० म्हणजे १००० निट. एक शून्य कमी पडलं की पडदा १०० निटचा होतो आणि टीव्ही त्या हिशेबाने चित्राचं वाट्टेल ते करू शकतो. मूळ फाइलच्या मीडियाइन्फोत हे आकडे असतील तर तेच उतरवा, अंदाजाने लिहू नका. एक्स२६५ मध्ये रिपीट-हेडर्सही चालू ठेवा, म्हणजे मधूनच प्ले केलं तरी टीव्हीला मेटाडेटा सापडतो.

आधी तीस सेकंदांचा तुकडा करून टीव्हीवर बघा. पूर्ण फाइलला किती वेळ लागेल तेही त्यावरून कळतं.

## आणि एसडीआरसाठी

जुना टीव्ही, प्रोजेक्टर, कुणाला पाठवायचा व्हिडिओ: इथे टोनमॅपिंग हवं, म्हणजे मोठ्या उजेडाची पट्टी १०० निटच्या आसपास दाबून बसवणं. हँडब्रेकमध्ये फिल्टर्समधला कलरस्पेस बीटी.७०९ वर नेला की काम होतं, आणि एखाद-दुसऱ्या फाइलसाठी तेवढं पुरे. निकाल पसंत पडला नाही तर एफएफएमपेग.

त्यातली साखळी पाच कड्यांची. झेडस्केल या रंग बदलणाऱ्या फिल्टरने पीक्यू उलगडून उजेड रेषीय करायचा, एनपीएल (किती निटचा उजेड १ धरायचा तो आकडा) १०० ठेवून. फॉरमॅट फ्लोटिंग पॉइंट आरजीबी. झेडस्केलने प्रायमरीज बीटी७०९. टोनमॅप. शेवटी पुन्हा झेडस्केलने ट्रान्स्फर आणि मॅट्रिक्स बीटी७०९, रेंज टीव्ही, आणि फॉरमॅट आठ बिटांचं वाययूव्ही४२०. क्रम बदलू नका. वक्र उलगडण्याआधी रंग फिरवले तर रंग बिघडू शकतात. शेवटचा फॉरमॅट विसरणं ही फार नेहमीची चूक. तो नसेल तर एक्स२६४ ४:४:४ प्रोफाइलची फाइल बनवतो. संगणकावर ती झकास चालते आणि टीव्ही तोंड फिरवतो.

झेडस्केलने ‘नो पाथ बिटवीन कलरस्पेसेस’ असं म्हणून काम सोडलं, तर स्रोत फाइलवर रंगांच्या खुणा नाहीत एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या झेडस्केलला आत येणारं चित्र पीक्यू, बीटी२०२० आहे हे तुम्हीच सांगा.

टोनमॅपसाठी हेबल हा वक्र निवडला तर तेजस्वी भागातले तपशील टिकतात, पण मधला भाग काळवंडतो. मोबियस मधले रंग सांभाळतो, ढग आणि दिवे थोडे भाजतो. माझा कल लिबप्लासिबोकडे, बीटी.२३९० वक्रासह: तो दृश्यागणिक शिखर मोजतो, म्हणून काळोखातली आणि उन्हातली दोन्ही दृश्यं सांभाळली जातात. चित्र एकूणच अंधारं वाटलं तर एनपीएल वाढवू नका, त्याने ते आणखी काळं होतं. हा पर्याय नावावरून उलट वाटतो. तपासायला चेहरा, सूर्यास्त आणि रात्रीचा रस्ता असे तीन तुकडे घ्या. चेहऱ्याचा रंग बरोबर आला की बाकीचं थोडं इकडेतिकडे झालं तरी माणसं तक्रार करत नाहीत. आकाशात पट्ट्या दिसल्या तर आणि टीव्हीला चालत असेल तर दहा बिटांत एसडीआर एन्कोड करा.

फोनवरच्या व्हिडिओंची गोष्ट सोपी आहे. आयफोनचं ८.४ बहुतेक नव्या टीव्हींवर एचएलजी म्हणून आपोआप चालतं. फक्त, फोन अनेकदा फ्रेम रेट कमीजास्त करत चित्रण करतात; एन्कोड करायचंच झालं तर आधी फ्रेम रेट स्थिर करून घ्या, नाहीतर आवाज सरकतो.

## तपासणी

नवी फाइल पुन्हा मीडियाइन्फोत टाका. एचडीआर फॉरमॅटची ओळ अपेक्षेप्रमाणे आहे का, फ्रेम काउंट मूळाइतकाच आहे का. एका फ्रेमचाही फरक असेल तर का पडला ते शोधा. मग टीव्हीवर लावा. कोपऱ्यात उमटणाऱ्या डॉल्बी व्हिजन किंवा एचडीआरच्या खुणेकडे लक्ष द्या, मीडियाइन्फो काहीही म्हणो. सुरुवात, मध्य आणि शेवट, तिन्ही ठिकाणी बोलणाऱ्या माणसाचे ओठ बघा.

एक गोष्ट सहज सुटते: एन्कोड करताना वरखालच्या काळ्या पट्ट्या कापल्या असतील तर आरपीयूमध्ये त्यांची जुनी मापं तशीच राहतात, आणि काही टीव्हींवर चित्राच्या कडांचा उजेड विचित्र होतो. त्यावर डोव्ही-टूलमध्ये क्रॉप हा पर्याय आहे. तो ही मापं शून्य करतो. आरपीयू पुन्हा घालण्याआधीच तो लावून घ्या. मूळ फाइल मात्र निदान एकदा अख्खी नवी फाइल टीव्हीवर बघून होईपर्यंत पुसू नका.